भिवंडीत डीपी का जळायच्या

चंद्रपूरहून निघालेली ५०० केव्हीची डीसी वाहिनी ७५२ किलोमीटरचा पल्ला गाठून भिवंडी तालुक्यातल्या पडघ्याला उतरते. १९९९पासून ती चालू आहे आणि तिची क्षमता १५०० मेगावॅट. विदर्भातली वीज मुंबईच्या उंबरठ्यावर आणून ठेवणारं हे ठाणं आणि देशातल्या यंत्रमागांच्या सर्वांत मोठ्या केंद्रांपैकी एक असलेलं शहर, दोन्ही एकाच तालुक्यात. तरीही २००६ साली भिवंडीतल्या कारखानदाराला आज माग किती तास चालतील हे सकाळी सांगता येत नव्हतं.

लोक या सगळ्याला सरसकट ‘लाईटचा प्रॉब्लेम’ म्हणायचे. त्यात दोन वेगळी दुखणी होती आणि ती वेगळी करून पाहिल्याशिवाय भिवंडीत पुढे काय झालं ते कळत नाही. पहिलं म्हणजे लोडशेडिंग. दाभोळचा वीजप्रकल्प २००१मध्ये बंद पडला, नवी वीजनिर्मिती मागणीच्या मागे पडत गेली आणि राज्यभर तासांची वाटणी सुरू झाली. तो तुटवडा भिवंडीचा नव्हता. दुसरं दुखणं मात्र पूर्णपणे गावातलं. वेळापत्रकानुसार वीज आलेली असताना गल्लीतली डीपी, म्हणजे गल्लीला वीज पुरवणारा ट्रान्सफॉर्मर, जळालेली असायची, तारा जोडणारा जंपर तुटलेला असायचा, किंवा दाब इतका पडलेला असायचा की मोटर गुरगुरायची पण फिरायची नाही. या प्रकरणात मला रस आहे तो दुसऱ्या दुखण्यात. ते बरं करताना पहिलंही हलकं झालं.

गाव

कामवारी नदी आणि खाडीच्या काठचं हे गाव मुंबईच्या गिरण्या जोरात होत्या तेव्हाही मागांचंच होतं. १९८२च्या गिरणी संपानंतर मुंबईतलं विणकाम मोठ्या प्रमाणावर इकडे सरकलं आणि गावाने बेसुमार अंग धरलं. उत्तर प्रदेश आणि बिहारहून आलेले कारागीर, तेलंगणातून आलेले पद्मशाली, जुनी मोमीन घराणी आणि आगरी-कोळ्यांची आसपासची गावं, असा सगळा मेळ. तळमजल्यावर लूम आणि वर राहण्याच्या खोल्या अशा इमारती गल्लीगल्लीत. साध्या यंत्रमागाची मोटर एक अश्वशक्तीच्या आसपास असते, म्हणजे एकटी पाहिली तर किरकोळ. पण एका शेडमध्ये चोवीस, एका गल्लीत दोनशे आणि बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या. घरगुती वस्तीचा भार संध्याकाळी चढतो आणि रात्री अकराला उतरतो. इथला भार रात्री दोन वाजताही चढलेलाच असायचा, त्यामुळे ट्रान्सफॉर्मरला थंड व्हायला सवडच मिळत नसे.

वीज गेल्याचा फटका कोणाला बसतो हेही पाहायला हवं. कारागिराला पगार नसतो, विणलेल्या मापावर मजुरी मिळते. माग थांबला की मजुरी थांबते. वीज परत आल्यावर माग सुरू करताना पहिल्या काही धाग्यांना नीट ठोका बसत नाही आणि कापडावर आडवी पट्टी उठते. व्यापारी ती पट्टी दाखवून पैसे कापतो. दिवसातून चारदा वीज गेली तर मजुरी चारदा थांबली आणि वर चार पट्ट्या उठल्या. मालक डिझेलचा जनरेटर लावू शकतो, पण साध्या, न धुतलेल्या-रंगवलेल्या ग्रे कापडात मीटरमागे सुटणारे पैसे इतके थोडे की डिझेलवर विणणं म्हणजे पदरचं घालून विणणं.

डीपी जळण्याचं चक्र

२००६च्या सुमारास भिवंडी मंडळात, म्हणजे वीज कंपनीच्या इथल्या कार्यक्षेत्रात, वर्षाला चाळीस टक्क्यांहून जास्त वितरण ट्रान्सफॉर्मर निकामी होत होते. या आकड्यापाशी जरा थांबायला हवं. ट्रान्सफॉर्मरमध्ये फिरणारा, घासणारा असा एकही भाग नाही. नीट वापरला तर तो वीस-पंचवीस वर्षं जागेवरून हलवावा लागत नाही. तो इथे सरासरी अडीच वर्षांत जळत होता. दर्जा खराब म्हणून काही जळाले असतीलही, पण या प्रमाणात जळायला कारण दुसरंच लागतं.

कारण असं. समजा २०० केव्हीए क्षमतेची डीपी आहे. महावितरणच्या कागदावर तिच्यावर जोडलेला भार १५० केव्हीएचा. प्रत्यक्षात मंजूर भारापेक्षा जास्त माग लावलेले, मीटरला बगल देऊन घेतलेली जोडणी, वर खुल्या तारांवर टाकलेले आकडे, असं सगळं धरून भार ३०० केव्हीएच्या घरात. प्रवाह दीडपट झाला की तांब्याच्या वेटोळ्यात तयार होणारी उष्णता सव्वादोनपट होते, कारण ती प्रवाहाच्या वर्गाने वाढते. तापमान साधारण सहा ते दहा अंशांनी चढलं की आतल्या कागदी आवरणाचं आयुष्य निम्मं होतं, असा इंजिनिअरांचा ठोकताळा आहे. म्हणून अशा डीपीचा फ्यूज उडायला हवा आणि तो उडायचाही. मग गल्लीतला ‘झिरो वायरमन’ यायचा. हा वीज मंडळाच्या नोकरीत नसलेला, पण खांबावर सर्रास चढणारा माणूस. महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावाला त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. तो फ्यूजच्या जागी जाड तार घालायचा आणि लाईट यायची. संरक्षणाची शेवटची पायरी तिथे संपायची. पुढच्या उन्हाळ्यात डीपी जळायची. वर्कशॉपमधून पुन्हा गुंडाळलेली तेवढ्याच क्षमतेची डीपी यायची, कारण कागदावर भार १५०च होता. ती आणखी लवकर जळायची.

तारेवर टाकलेल्या आकड्यांचा आणखी एक त्रास कमी बोलला जातो. चोरून घेतलेली जोडणी हाताला येईल त्या तारेवर पडते, तिन्ही फेजवर सारखी विभागून पडत नाही. एक फेज ओव्हरलोड, एक अर्धी रिकामी, आणि न्यूट्रलमध्ये नको तितका प्रवाह. जीर्ण न्यूट्रल कुठेतरी सुटला की हलका भार असलेल्या फेजवरच्या घरांत २३०च्या जागी तीनशेच्या वर व्होल्ट जातात. टीव्ही, फ्रिज, पंखे एका झटक्यात जातात, तेही पैसे भरणाऱ्याचे.

भरीला पॉवर फॅक्टर, म्हणजे तारेतून घेतलेल्या विजेतला प्रत्यक्ष कामी येणारा वाटा. अर्धवट भारावर चालणाऱ्या छोट्या मोटरांचा पॉवर फॅक्टर ०.७पर्यंत उतरू शकतो. तेवढंच काम ०.९५ला करून घेतलं तर प्रवाह पाऊण होतो आणि तारेतला व्यय जवळजवळ निम्म्यावर येतो. त्यासाठी लागतो कपॅसिटर, जो ट्रान्सफॉर्मरच्या मानाने फारच स्वस्त असतो. तो पुरेसा नव्हता. ग्राहकाने लावला नाही, कारण ज्याचं बिलच सरासरीवर निघतं किंवा निघतच नाही त्याला पॉवर फॅक्टरशी काय देणंघेणं?

या प्रत्येक ओळीच्या मागे एकच गोष्ट दिसते. कोणत्या डीपीवर कोण किती वीज घेतं, हे कोणालाच माहीत नव्हतं. विश्वास ठेवावा असं मीटर जेमतेम पाव ग्राहकांकडे होतं. गळती आणि खोळंबा ही दोन वेगळी खाती नव्हतीच. जी वीज मोजली जात नव्हती, तीच डीपी जाळत होती.

हिशेब

२००६-०७ मध्ये भिवंडीची एकूण तांत्रिक आणि वाणिज्यिक हानी, कार्यालयीन भाषेत एटी अँड सी लॉस, ५८ टक्के होती. या आकड्यात तारेतली गळती, चोरी आणि न भरलेली बिलं तिन्ही येतात. समजा १०० युनिट गावात आली, ६० युनिटांचं बिल निघालं आणि त्यातलं ७० टक्के वसूल झालं, तर हाती ४२ युनिटांचे पैसे आले. उरलेल्या ५८ची किंमत राज्यातल्या बाकी ग्राहकांच्या दरात मिसळत होती. सांगली-साताऱ्याचा नियमित भरणारा माणूस भिवंडीचं बिल थोडंथोडं भरत होता, एवढं बोलायला हरकत नाही.

वीज मंडळाचं २००५च्या जूनमध्ये विभाजन होऊन वितरणाचं काम महावितरण कंपनीकडे आलं होतं. भिवंडीचं काय करायचं हे तिला कळत नव्हतं असं अजिबात नाही. कॅबिनेटमध्ये सील केलेली मीटरं, इन्सुलेटेड केबल, डीपीवर मीटर, कपॅसिटर ही सगळी औषधं प्रत्येक कार्यकारी अभियंत्याला पाठ होती. अडचण अशी की चोरी पकडायला जाणाऱ्या कनिष्ठ अभियंत्याला मार खावा लागायचा, स्थानिक नेत्याचा फोन यायचा, आणि पकडली तरी त्याच्या पगारात किंवा बढतीत काही फरक पडत नव्हता. नाही पकडली तरी पडत नव्हता. राज्यभराच्या खर्चातून भिवंडीच्या वाट्याला येणारा पैसा आधी जळालेल्या डीपी बदलण्यातच जात होता.

करार

विद्युत कायदा २००३च्या कलम १४मधल्या परंतुकानुसार परवानाधारक कंपनी आपल्या क्षेत्राच्या एखाद्या भागासाठी फ्रँचायझी नेमू शकते आणि त्याला वेगळा परवाना लागत नाही. महावितरणने भिवंडी मंडळासाठी निविदा काढल्या. अहमदाबाद आणि सुरतचं वितरण सांभाळणाऱ्या टोरेंट पॉवरबरोबर डिसेंबर २००६मध्ये करार झाला आणि २६ जानेवारी २००७ला कारभार तिच्या हाती गेला. सुमारे ७२१ चौरस किलोमीटर क्षेत्र, पावणेदोन लाखांच्या आसपास ग्राहक, मुदत दहा वर्षं.

याला खासगीकरण म्हणतात, आणि बोलीभाषेत म्हणायला माझी ना नाही, पण कराराचा सांगाडा थोडा वेगळा आहे. परवाना महावितरणचाच. जुनं जाळं महावितरणचंच. दर वीज नियामक आयोग ठरवतो आणि तो कल्याणला जो, तोच भिवंडीला. फ्रँचायझी गावाच्या वेशीवर मीटरमधून वीज मोजून घेतो आणि प्रत्येक युनिटला ठरलेला दर महावितरणला देतो. हा दर वर्षागणिक निविदेतच लिहिलेला असतो आणि आयोगाने दर बदलले की त्या प्रमाणात हलतो. आत आलेलं युनिट विकलं गेलं, चोरलं गेलं की तारेत तापून संपलं, याच्याशी महावितरणला देणंघेणं नाही. तिचे पैसे वेशीवरच वाजवून घेतलेले.

सगळी गंमत या एका तरतुदीत आहे. आत येणाऱ्या १०० युनिटांचे पैसे फ्रँचायझीला द्यायचेच आहेत. त्याच्या हाती ४२चे येत असताना ते ८०चे यायला लागले, तर दर एक पैसाही न वाढता त्याचं उत्पन्न जवळपास दुप्पट होतं. म्हणजे चोरीचं प्रत्येक युनिट आता कोणाच्या तरी खिशातून जायला लागलं. तारेतल्या गळतीचंही तसंच. कपॅसिटर लावायचा की नाही हा प्रश्न फाइलवरून उतरून हिशेबाच्या वहीत आला.

तारा, खोकी, मीटर

कामाला सुरुवात मीटरपासून झाली, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून होतं. जुनी चकतीवाली, हलवता-थांबवता येणारी मीटरं काढून इलेक्ट्रॉनिक मीटरं लागली आणि ती घराच्या आतून बाहेरच्या भिंतीवर, कुलूपबंद खोक्यांत आली. काही वर्षांत जवळपास सगळ्या जोडण्यांवर नीट मीटर होतं. सोबत फीडरवर, म्हणजे सबस्टेशनातून डीपींकडे जाणाऱ्या मुख्य वाहिनीवर, आणि डीपीवरही मीटर. डीपीचं मीटर एक आकडा दाखवतं, त्या डीपीवरच्या ग्राहकांच्या मीटरांची बेरीज दुसरा. दोघांतला फरक ज्या डीपीवर मोठा, तिथे पथक जातं. अख्ख्या गावावर संशय घेत फिरण्यापेक्षा हे बरं, आणि स्वस्तही. हा ताळा बसवायचा तर कोणता ग्राहक कोणत्या डीपीवर आहे हे आधी माहीत हवं. गल्लीत उतरून, तार धरून शोधत जाण्याचं हे काम कंटाळवाणं आणि वेळखाऊ असतं, कोणी त्याचं उद्घाटन करत नाही. माझ्या मते भिवंडीतल्या सुधारणेचा कणा तोच.

मग डीपींची क्षमता खऱ्या भाराप्रमाणे वाढवणं शक्य झालं. नवे ट्रान्सफॉर्मर उभे राहिले, मोठ्या भाराच्या गल्ल्या दोन-तीन डीपींत वाटल्या गेल्या. डीपी भाराच्या जवळ आली की लघुदाबाची तार आखूड होते आणि गल्लीच्या टोकाच्या शेडमध्येही मोटर सुरू व्हायला पुरेसा दाब मिळतो. खुल्या अॅल्युमिनियमच्या तारांच्या जागी एरियल बंच केबल आली. इन्सुलेशन असलेल्या, एकत्र पिळलेल्या या केबलवर आकडा बसत नाही, पतंगाचा मांजा अडकून किंवा वाऱ्याने तारा एकमेकींना लागून ठिणग्याही पडत नाहीत. चोरीसाठी आणलेली केबल खोळंब्यावरही उपाय ठरते, हे खास सांगण्यासारखं. सबस्टेशनांमध्ये आणि फीडरवर कपॅसिटर बँका बसल्या. फ्यूजच्या जागी फ्यूज आला. हे वाक्य विनोदी वाटेल, पण डीपीच्या आयुष्याला याहून मोठा टेकू दुसरा नाही.

उच्चदाबाच्या बाजूला, म्हणजे २२ केव्हीच्या फीडरांवर, एका फीडरला दुसऱ्याचा आधार मिळेल अशा जोडण्या आणि रिंग मेन युनिट आली. एका केबलमध्ये बिघाड झाला तर तेवढा तुकडा बाजूला काढून उरलेल्या भागाला दुसऱ्या बाजूने वीज देता येते. लाईनमन अंधारात खांबामागून खांब तपासत जाण्यात जो वेळ जायचा, तो इथे वाचला. तक्रारीसाठी चोवीस तास फोन उचलणारं केंद्र सुरू झालं. ही साधी गोष्ट, पण आधी फोन उचललाच जात नसे अशा गावात ती मोठी वाटते.

आकडे असे. एटी अँड सी हानी ५८ टक्क्यांवरून २०१०-११पर्यंत वीस टक्क्यांच्या खाली आली. ट्रान्सफॉर्मर निकामी होण्याचं प्रमाण चाळिशीच्या वरून तीन टक्क्यांच्या आसपास. गळतीच्या आकड्यावर लोक वाद घालतात, कारण त्यात वसुलीची व्याख्या, अनुदान, थकबाकी यांची वळणं असतात. ट्रान्सफॉर्मर मात्र जळतो किंवा जळत नाही. म्हणून भिवंडीत विश्वासार्हता वाढली की नाही याचा पुरावा मागितला तर मी गळतीआधी हा आकडा पुढे करतो.

आता लोडशेडिंगकडे. आयोगाने मान्य केलेल्या सूत्रात त्या काळी विभागांचे गट वितरण आणि वसुलीतल्या गळतीवरून पडत. गळती जास्त तर कपातीचे तास जास्त. याच्या न्याय्यतेवर वाद होऊ शकतो, कारण प्रामाणिकपणे भरणाऱ्यालाही शेजाऱ्याच्या चोरीची शिक्षा होते. पण नियम तसा होता. भिवंडीची गळती उतरत गेली तसं गाव वरच्या गटांत सरकत गेलं आणि कपातीचे तास कमी झाले. राज्यातला तुटवडा तसाच असताना इथे उजेड वाढला, तो असा.

राग

इथपर्यंत गोष्ट फारच सरळ वाटते. गावात ती तशी घडली नाही. मोर्चे निघाले, बंद पाळले गेले, ‘टोरेंट हटाव’च्या घोषणा भिंतींवर आल्या. मीटर पळतं, बिल अव्वाच्या सव्वा येतं, जुनी थकबाकी आमच्या माथी मारतात, पथकं घरात घुसतात, अशा तक्रारी वर्षानुवर्षं चालल्या. निवडणुकीत तो मुद्दा झाला. इंजिनिअर मंडळी हा राग ‘चोरी बंद झाली म्हणून ओरडतात’ असं म्हणून झटकून टाकतात. मला ते पटत नाही.

बिल खरोखरच वाढलं होतं. सरासरी बिल भरणाऱ्याला मोजलेलं बिल आलं, तेव्हा त्याने आधीही तेवढीच वीज वापरली होती हे त्याला कोणी दाखवलेलं नव्हतं. जुनं मीटर संथ होतं, त्यामुळे नवं त्याच्या डोळ्यांना पळतंच. शेडमालकाने ते बिल मजुरीच्या दरात किंवा भाड्यात वळवलं, आणि ज्याच्या नावावर जोडणीच नव्हती त्या भाडेकरू कारागिराच्या घरखर्चात ते शिरलं. चोरीत सर्वांत मोठा वाटा कोणाचा होता आणि मोजणीची झळ सर्वांत जास्त कोणाला बसली, या दोन प्रश्नांचं उत्तर एकच आहे असं धरून चालता येत नाही. वीस माग चोरून चालवणाऱ्याची बचत मोठी होती. एका बल्बसाठी आकडा टाकणारी झोपडी आकडेवारीत क्षुल्लक होती, पण पथकाला ती आधी दिसते.

दुसरं, भांडायचं कोणाशी हेच लोकांना कळेना. बिलावर फ्रँचायझीचं नाव, दर आयोगाचा, परवाना महावितरणचा, अनुदान सरकारचं. यंत्रमागाला सवलतीचा दर मिळतो, त्याची रक्कम सरकारकडून येते. त्यात खोट निघाली की ग्राहक टोरेंटच्या खिडकीवर, टोरेंट महावितरणकडे बोट दाखवणार. तारा सुधारताना तक्रारीचा रस्ताही सुधारायला हवा होता. तो त्या वेगाने सुधारला नाही.

हेच औषध दुसरीकडे

भिवंडीचं नाव दिल्लीपर्यंत गेलं. नियोजन आयोगाने नेमलेल्या शुंगलू समितीने २०११मध्ये शहरांसाठी फ्रँचायझीची वाट सुचवली. आग्र्याचं वितरण १ एप्रिल २०१०पासून टोरेंटकडेच गेलं होतं. महाराष्ट्रात २०११मध्ये एकामागून एक तीन शहरं दिली गेली. औरंगाबाद जीटीएलकडे, जळगाव क्रॉम्प्टन ग्रीव्ह्जकडे आणि नागपूरचे महाल, गांधीबाग, सिव्हिल लाईन्स हे विभाग स्पॅन्कोकडे, जी पुढे एस्सेल समूहाच्या हाती जाऊन एसएनडीएल म्हणून ओळखली गेली. औरंगाबादचा करार थकबाकीवरून २०१४मध्ये संपला, जळगावचा २०१५मध्ये आणि नागपूरचा सप्टेंबर २०१९मध्ये. तिन्ही ठिकाणी कारभार परत महावितरणकडे.

एकच करार, एकच कायदा, तरी एक टिकला आणि तीन मोडले. कंपन्यांची कुवत हे एक कारण आहेच. शहराचं वितरण चालवण्याचा टोरेंटचा जुना अनुभव या तिघांकडे नव्हता. पण माझ्या मते त्याहून मोठं कारण अंकगणिताचं आहे. भिवंडीत गळती ५८ टक्के होती, म्हणजे सुधारायला प्रचंड जागा. पहिल्या दहा-पंधरा टक्क्यांची घट मीटर बदलून आणि मोठे चोर पकडून होते, आणि त्यातून पुढच्या केबल-ट्रान्सफॉर्मरचा पैसा निघतो. त्या तीन शहरांतली सुरुवातीची गळती भिवंडीइतकी नव्हती. तिथे चढा दर बोलून निविदा जिंकायची, मग महावितरणचं देणं भागवता भागवता जाळ्यात घालायला पैसा उरत नाही, आणि जाळ्यात पैसा घातला नाही की गळती उतरत नाही. निविदेत सर्वांत जास्त दर बोलणाऱ्याला काम देण्याची पद्धतच इथे उलटी पडते. ग्राहकाला हवा असतो सर्वांत जास्त गुंतवणूक करणारा आणि निवडला जातो सर्वांत जास्त आशावादी.

यातून फ्रँचायझी हेच औषध असं सिद्ध होत नाही, आणि महावितरणला जमत नाही असंही नाही. महावितरणने आपल्याच ताब्यातल्या कित्येक शहरांत गळती उतरवली आहे. भिवंडीत काम झालं ते मोजणीने, मोजणी केली ती गरजेने, आणि ती गरज वेशीवरच्या मीटरने निर्माण केली. तीच गरज सरकारी कंपनीतल्या मंडळ अधिकाऱ्यासाठी निर्माण करता आली असती का? फीडरनिहाय हिशेब, त्याच्याशी जोडलेली बढती आणि बदलीपासून तीन वर्षांचं संरक्षण एवढं दिलं असतं, तर बहुधा आली असती. भिवंडीत ते करून पाहिलं गेलं नाही.

पुढे

पहिला करार संपल्यावर २०१७मध्ये दहा वर्षांची मुदत वाढली. १ मार्च २०२०पासून मुंब्रा-शीळ-कळवा टोरेंटकडे आणि मालेगाव कोलकात्याच्या सीईएससी समूहाकडे गेलं. मालेगावही मागांचंच गाव, गळतीही त्याच जातीची. दोन्हीकडे हस्तांतराआधीच विरोध उभा राहिला. भिवंडीतल्या बिलांच्या गोष्टी तिथे आधीच पोचलेल्या होत्या.

भिवंडीतला भार मधल्या काळात बदलला आहे. नोटाबंदी, जीएसटी, सुताचे भाव आणि शटललेस मागांची स्पर्धा यांत साध्या मागांच्या कित्येक शेड बंद पडल्या. काल्हेर, माणकोली आणि नाशिक महामार्गाच्या दोन्ही अंगांना गोदामांची रांग उभी राहिली. गोदामाचा भार वेगळा असतो. दिवे, पंखे, सरकते पट्टे, कुठे शीतगृह. मोजायला सोपा, वसूल करायला सोपा. एखाद्या मंडळाची गळती उतरते तेव्हा त्यात कारभार किती आणि ग्राहकांची अदलाबदल किती, हे वेगळं काढून पाहायला हवं. २०११पर्यंतची मोठी घसरण गोदामांमुळे झाली असं म्हणता येत नाही, तेव्हा मागच जोरात होते. त्यानंतरच्या आकड्यांना मात्र हा प्रश्न विचारायलाच हवा.

सध्याची मुदत जानेवारी २०२७पर्यंत आहे. ती पुन्हा वाढो, नवी निविदा निघो किंवा मंडळ महावितरणकडे परत जावो, मोजणीची यादी लांबलचक होणार: किती डीपी, किती किलोमीटर केबल, किती सबस्टेशन, घसारा वजा जाता किती किंमत. त्या यादीत एक ओळ सर्वांत वर असावी, कोणता ग्राहक कोणत्या डीपीच्या कोणत्या फेजवर आहे याची ताजी, जागेवर जाऊन पडताळलेली नोंद. ती ओळ कोरी राहिली, तर पहिल्या दोन उन्हाळ्यांतच ते जळालेल्या डीपींच्या संख्येत दिसायला लागेल.